तळाला गेलेला फुटबॉल संघ हंगाम कसा सावरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लीगच्या तळाला गेलेला संघ पदावनती, म्हणजे रेलिगेशन, कशी टाळतो, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक उदाहरणे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधली आहेत; जर्मनी आणि इटलीतली काही उदाहरणे जिथे मुद्दा अधिक स्पष्ट होतो तिथे घेतली आहेत.

पदावनती कशी ठरते?

प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात, प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो आणि गुणतालिकेतले शेवटचे तीन संघ दुसऱ्या श्रेणीत जातात. स्पेन आणि इटलीतही तीन संघ खाली जातात. जर्मनीच्या बुंडेसलिगात १८ संघांपैकी शेवटचे दोन थेट खाली जातात आणि सोळाव्या क्रमांकावरच्या संघाला दुसऱ्या श्रेणीतल्या तिसऱ्या संघाशी दोन सामन्यांची प्लेऑफ लढत द्यावी लागते. गुण सारखे झाले तर इंग्लंडमध्ये आधी गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा स्वीकारलेले गोल, पाहतात, स्पेनमध्ये आधी त्या संघांचे आपसांतले निकाल पाहतात, तर इटलीत पदावनतीचा निर्णय २०२२-२३ पासून एका जादा सामन्याने लावला जातो. त्याच हंगामात व्हेरोनाने स्पेझियाला अशा सामन्यात ३-१ असे हरवून आपली जागा राखली.

वाचण्यासाठी किती गुण लागतात? ‘४० गुण’ हा आकडा खरा आहे का?

हा आकडा जवळजवळ सुरक्षित आहे, पण आवश्यक नाही. १९९५-९६ पासून प्रीमियर लीग २० संघांची झाली. तेव्हापासून ४० किंवा त्याहून अधिक गुण मिळवूनही खाली गेलेले संघ हाताच्या बोटांवर मोजता येतील: १९९६-९७ मध्ये ४० गुणांचा संडरलंड, १९९७-९८ मध्ये ४० गुणांचाच बोल्टन आणि २००२-०३ मध्ये तब्बल ४२ गुण मिळवलेला वेस्ट हॅम. उलट बाजूला, २००४-०५ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन ३४ गुणांवर वाचला आणि २०२३-२४ मध्ये चार गुणांची कपात सोसूनही नॉटिंगहॅम फॉरेस्ट ३२ गुणांवर तगला, कारण त्यांच्याखालचे तिन्ही संघ त्याहून दुबळे ठरले.

म्हणून प्रशिक्षकाने खेळाडूंपुढे ४० चा आकडा ठेवला तरी आपले गणित वेगळे मांडावे लागते. तळातल्या संघाची शर्यत आकड्याशी नसते. ती शेजारच्या तीन-चार संघांशी असते.

संघ खरोखर दुबळा आहे की नशीब साथ देत नाही, हे कसे ओळखावे?

सगळ्या उपायांची सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी, पण अडचणीतले क्लब नेमका हाच प्रश्न टाळतात असे माझे निरीक्षण आहे. हल्ली ‘अपेक्षित गोल’ नावाचे मोजमाप सर्रास वापरले जाते. प्रत्येक फटका कोठून मारला, कोणत्या कोनातून मारला, पायाने की डोक्याने, अशा गोष्टी पाहून त्यातून गोल होण्याची शक्यता ठरवली जाते आणि त्या शक्यतांची बेरीज केली जाते. एखादा संघ या हिशेबात प्रतिस्पर्ध्यांच्या बरोबरीने राहत असेल आणि तरीही एकेका गोलाने हरत असेल, तर त्याच्या खेळात फार मोडतोड करण्याची गरज नसते. याउलट दर सामन्यात प्रतिस्पर्धी पेनल्टी क्षेत्रात सहजपणे शिरून फटके मारत असेल आणि गोलरक्षकाच्या कृपेने पराभव १-० वर थांबत असेल, तर तो संघ तालिकेत दिसतो त्याहूनही वाईट स्थितीत असतो.

दोन्ही प्रकारच्या संघांची गुणसंख्या डिसेंबरमध्ये सारखीच असू शकते. एकाला धीर हवा असतो, दुसऱ्याला शस्त्रक्रिया. ही निवड चुकली की जानेवारीतली खेळाडू-खरेदीची संधी वाया जाते.

प्रशिक्षक बदलला की संघ सावरतो, हे खरे आहे का?

अर्धेच खरे आहे, आणि त्या अर्ध्याचे कारणही आपण समजतो ते नसते. संचालक मंडळ प्रशिक्षकाला काढते ते ओळीने अनेक पराभव झाल्यावर, म्हणजे निकाल संघाच्या खऱ्या कुवतीपेक्षाही खाली गेलेले असतात तेव्हा. त्यानंतर नवा माणूस आला किंवा जुनाच राहिला, तरी निकाल पुन्हा कुवतीच्या पातळीकडे सरकण्याची शक्यताच अधिक असते. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळते. डच अर्थतज्ज्ञ बास टर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातील नेदरलँड्सच्या अव्वल लीगचे निकाल तपासले. प्रशिक्षक बदललेल्या संघांची तुलना त्यांनी तशीच घसरण होऊनही प्रशिक्षक न बदललेल्या संघांशी केली, तेव्हा बदल करणाऱ्यांना त्यामुळे वेगळा असा फायदा झाल्याचे दिसले नाही.

२०१३-१४ चा प्रीमियर लीग हंगाम याचा जणू वस्तुपाठ आहे. अखेरच्या चार जागांवर राहिलेल्या वेस्ट ब्रॉम, नॉर्विच, फुलहॅम आणि कार्डिफ या चारही संघांनी हंगामाच्या मधेच प्रशिक्षक बदलले होते. फुलहॅमने तर मार्टिन योल यांच्या जागी रेने म्यूलेनस्टीन आणि त्यांच्या जागी फेलिक्स मागाथ असे तीन प्रशिक्षक पाहिले. चारांपैकी फक्त वेस्ट ब्रॉम वाचला. त्याच हंगामात प्रशिक्षक बदलूनच क्रिस्टल पॅलेस अकराव्या आणि संडरलंड चौदाव्या स्थानापर्यंत पोहोचले. तेव्हा प्रशिक्षक बदलणे हा उपाय आहे की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. आलेला माणूस नेमके काय दुरुस्त करायला आला आहे, हे क्लबला ठाऊक होते का, हा खरा प्रश्न आहे.

उशिराने केलेला बदल अनेकदा निकाल सुधारूनही व्यर्थ ठरतो. एप्रिल २०२२ मध्ये आठ सामने उरले असताना बर्नलीने शॉन डाइश यांना काढले. हंगामी प्रशिक्षक माइक जॅक्सन यांनी त्या आठ सामन्यांत ११ गुण मिळवून दिले, ही कामगिरी तळातल्या संघासाठी उत्तमच म्हणावी लागेल. पण एकूण ३५ गुणांवर बर्नली तरीही खाली गेली.

मग सावरणारा संघ सर्वांत आधी काय बदलतो?

तो गोल स्वीकारणे कमी करतो. ही गोष्ट नीरस आहे, समर्थकांना आवडत नाही, आणि तरीही बहुतेक यशस्वी सुटकांच्या मुळाशी हीच असते.

पुन्हा २०१३-१४ चाच हंगाम पाहावा. क्रिस्टल पॅलेसने ३८ सामन्यांत केवळ ३३ गोल केले. फुलहॅमने ४० केले. तरीही पॅलेसला ४५ गुण मिळाले आणि फुलहॅम ३२ गुणांवर एकोणिसाव्या स्थानी राहून खाली गेला, कारण पॅलेसने ४८ गोल स्वीकारले होते आणि फुलहॅमने ८५. नोव्हेंबरमध्ये टोनी प्युलिस आले तेव्हा पॅलेसची अवस्था आशादायक नव्हती. त्यांनी बचाव एका रेषेत बांधला, संघाला अंगण सोडून उगाच बाहेर न पळण्याची शिस्त लावली आणि एका गोलाच्या जोरावर सामने काढायला शिकवले. त्या कामगिरीबद्दल त्यांना हंगामातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कारही मिळाला. दुसऱ्या टोकाचे उदाहरण २०१०-११ मधील ब्लॅकपूलचे आहे: ५५ गोल, प्रेक्षकांचे भरपूर कौतुक, स्वीकारलेले गोल ७८, गुण ३९ आणि पदावनती.

यामागे साधे गणित आहे. विजयाला तीन गुण असल्यामुळे तीन बरोबऱ्या आणि ‘एक विजय व दोन पराभव’ यांची किंमत सारखीच होते, त्यामुळे नुसत्या बरोबऱ्यांनी कोणी वाचत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु दुबळ्या संघाला प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी संधी मिळतात. अशा संघाने सामना शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत ०-० ठेवला, तर एक कॉर्नर किंवा एक फ्रीकिक निकाल फिरवू शकते. विसाव्या मिनिटाला ०-२ झालेल्या संघाला तीच फ्रीकिक काही देऊ शकत नाही.

हे सरावात प्रत्यक्ष कसे घडवतात?

फार साध्या आणि अत्यंत कंटाळवाण्या पद्धतीने. मैदानावर अकरा खेळाडू आपापल्या जागी उभे राहतात, समोर प्रतिस्पर्धी कोणीच नसतो. प्रशिक्षक चेंडू डाव्या बगलेकडे नेतो, की संपूर्ण संघ डावीकडे सरकतो; उजवा बचावपटू मैदानाच्या मध्यापर्यंत आत येतो, मधल्या फळीतला खेळाडू बचावफळीपासून आठ-दहा पावलांवर येऊन थांबतो. चेंडू उजवीकडे गेला की सगळे पुन्हा उजवीकडे. एखादा दोन पावले मागे राहिला तर शिट्टी होते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. असे तासभर, मग दुसऱ्या दिवशी, मग पुढच्या आठवड्यात. डिसेंबर २००७ च्या अखेरीस फुलहॅमची सूत्रे घेतलेले रॉय हॉजसन अशा घोटवून घेण्यासाठीच ओळखले जात.

दुसरे काम सेट-पीसचे, म्हणजे कॉर्नर-फ्रीकिकसारख्या थांबलेल्या चेंडूवरच्या खेळाचे. आपल्या पेनल्टी क्षेत्रात कॉर्नर येतो तेव्हा जवळच्या खांबापाशी कोण, गोलरक्षकाच्या पुढ्यात कोण, परत फिरलेल्या चेंडूवर सर्वांत आधी कोण धावणार, ही कामे नावानिशी वाटली जातात. घसरणीला लागलेल्या संघात बहुतेक वेळा प्रत्येकाला वाटते की ते काम दुसऱ्याचे आहे. ही वाटणी करायला पैसा लागत नाही, नवा खेळाडूही लागत नाही.

खेळाची रचना बदलल्याने संघ वाचतो का?

रचना हातातल्या खेळाडूंना साजेशी केली तर वाचतो. केवळ नवेपणासाठी बदलली तर अधिक गोंधळ होतो. रॉबेर्तो मार्तिनेझ यांच्या विगन अ‍ॅथलेटिकने २०११-१२ मध्ये तीन बचावपटूंची रचना स्वीकारली आणि शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकले. त्यात लिव्हरपूल आणि आर्सेनल यांच्यावर त्यांच्याच मैदानावरचे विजय होते, मँचेस्टर युनायटेडवर १-० असा विजय होता आणि न्यूकॅसलविरुद्ध ४-० असा निकाल होता. २२ गुणांवर अडकलेला संघ ४३ गुणांवर पंधरावा आला.

कधी कधी रचना योगायोगाने सापडते. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस नॉर्विचविरुद्धच्या सामन्यात न्यूकॅसलच्या किअरन क्लार्कला नवव्याच मिनिटाला लाल कार्ड मिळाले. दहा खेळाडूंनिशी खेळताना आघाडीवीर म्हणून विकत घेतलेला आणि गोल होत नसल्यामुळे टीकेचा धनी झालेला जोएलिंटन मधल्या फळीत उतरला, प्रतिस्पर्ध्यांच्या अंगावर धावून चेंडू हिसकावू लागला, आणि त्या हंगामापासून तो न्यूकॅसलचा मध्यरक्षकच झाला. प्रशिक्षक एडी हाऊ यांचे श्रेय असे की त्यांनी त्या संध्याकाळी पाहिलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी विसरली नाही.

जानेवारीतील खेळाडू-खरेदी कितपत उपयोगी पडते?

जानेवारी हा खरेदीसाठी वाईट महिना आहे. चांगला खेळाडू असलेला क्लब त्याला मधेच सोडत नाही, आणि तळातला क्लब अडला आहे हे माहीत असल्यामुळे किंमत वाढवून सांगतो. तरीही नेमके छिद्र हेरून केलेली खरेदी संघ वाचवू शकते.

न्यूकॅसलचेच उदाहरण पुढे नेता येईल. पहिल्या १४ सामन्यांत एकही विजय नाही, अशा अवस्थेतून प्रीमियर लीगमध्ये वाचलेला तो पहिला संघ. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्लबची मालकी बदलली होती आणि पैशाची ददात नव्हती, त्यामुळे या सुटकेला चमत्कार म्हणणे मला पटत नाही. पण पैसा कोठे खर्च केला ते पाहण्यासारखे आहे. कीरन ट्रिपियर हा उजवा बचावपटू, डॅन बर्न हा मधला बचावपटू, मॅट टार्गेट हा लोनवर, म्हणजे तात्पुरत्या उसनवारीवर, आणलेला डावा बचावपटू, ब्रुनो गिमाराइश हा मध्यरक्षक आणि क्रिस वूड हा आघाडीवीर. पाचपैकी तिघे बचावातले. वूडला तर थेट प्रतिस्पर्धी असलेल्या बर्नलीकडून करारातील सुटकेची रक्कम भरून आणले होते, म्हणजे एका सहीत आपली आघाडी उभी राहिली आणि शेजाऱ्याची खिळखिळी झाली. हंगामाच्या शेवटच्या दिवशी बर्नलीच्या मैदानावर २-१ असे जिंकून न्यूकॅसल ४९ गुणांसह अकरावा आला, आणि त्याच पराभवाने बर्नली खाली गेली.

कमी खर्चातही हे साधते. संडरलंडने २०१५-१६ मध्ये सॅम अ‍ॅलर्डाइस यांच्या हाताखाली लामिन कोने, यान किर्शहोफ आणि वाहबी खाझरी यांना जानेवारीत आणले, आणि संघ ३९ गुणांवर सतरावा येऊन वाचला. लेस्टरने २०१५ मध्ये रॉबर्ट हुथ हा बचावपटू स्टोककडून लोनवर आणला. याही यादीत बचावपटूंचा भरणा आहे, हा योगायोग नाही.

नाताळला तळाच्या स्थानी असलेला संघ वाचल्याची उदाहरणे आहेत का?

प्रीमियर लीगमध्ये २०२४-२५ पर्यंत अशी चार उदाहरणे आहेत: २००४-०५ मधील वेस्ट ब्रॉम, २०१३-१४ मधील संडरलंड, २०१४-१५ मधील लेस्टर सिटी आणि २०२२-२३ मधील वुल्व्ह्ज. यांपैकी वुल्व्ह्जना एक सवलत मिळाली होती. त्या वर्षी विश्वचषकासाठी लीग मधेच थांबली आणि नवे प्रशिक्षक हुलेन लोपेतेगी यांना संघ हातात येताच सरावासाठी अनेक आठवडे मिळाले.

सर्वांत जास्त अभ्यासण्यासारखे उदाहरण लेस्टरचे आहे. २९ सामन्यांनंतर त्यांच्याकडे १९ गुण होते आणि सुरक्षित जागा सात गुण दूर होती. प्रशिक्षक नायजेल पिअर्सन यांना मात्र क्लबने काढले नव्हते. त्यांनी तीन बचावपटूंची रचना घेतली, हुथ मधोमध उभा राहिला, एस्तेबान काम्बियासोसारखा अनुभवी खेळाडू मधल्या फळीत खेळत होताच, आणि शेवटच्या नऊ सामन्यांत सात विजय व एक बरोबरी मिळून २२ गुण आले. संघ ४१ गुणांवर चौदावा ठरला.

या काळातील एक मिनिट लक्षात ठेवण्याजोगे आहे. २५ एप्रिल २०१५ रोजी बर्नलीच्या मैदानावर ०-० असताना बर्नलीला पेनल्टी मिळाली. मॅट टेलरचा फटका खांबाला लागून बाहेर गेला, आणि एका मिनिटाच्या आत दुसऱ्या टोकाला जेमी वार्डीने गोल केला. लेस्टर १-० ने जिंकला. बर्नली त्या हंगामात खाली गेली. फटका काही इंच आत असता तर आज पिअर्सन यांच्या रचनेचे एवढे गोडवे गायले गेले असते का, याची मला खात्री नाही. योग्य दुरुस्ती केलेल्या संघालाही नशिबाचा हात लागतो, एवढे मान्य केले पाहिजे.

सावरण्यासाठी किती उशीर म्हणजे फार उशीर?

नऊ सामने उरले असतील तर अजून वेळ आहे, असे विगन आणि लेस्टर या दोन्ही उदाहरणांवरून दिसते. इटलीत क्रोटोनेने हेच सिद्ध केले: २०१६-१७ मध्ये २९ सामन्यांत १४ गुण मिळवलेल्या या संघाने उरलेल्या नऊ सामन्यांत २० गुण मिळवले, शेवटच्या दिवशी लाझिओला ३-१ असे हरवले आणि त्यामुळे एम्पोली खाली गेला. संघ वाचला तर क्रोटोनेपासून तुरीनपर्यंत सायकलने जाईन, असे प्रशिक्षक दावीदे निकोला यांनी म्हटले होते, आणि इटलीच्या दक्षिण टोकाजवळून थेट उत्तरेपर्यंतचा तो प्रवास त्यांनी खरोखर केला. याच निकोला यांनी पुढे २०२१-२२ मध्ये सालेर्नितानालाही वाचवले.

मोठ्या संघांविरुद्धचे सामने सोडून द्यावेत आणि तळातल्या लढतींवर भर द्यावा का?

तळातल्या दोन संघांमधील लढतीला ‘सहा गुणांचा सामना’ म्हणतात, कारण आपल्याला तीन गुण मिळतात तेव्हा शेजाऱ्याचे तीन हुकतात. हिशेब बरोबर आहे, परंतु त्यावरून मोठे सामने सोडून देणे मला धोक्याचे वाटते. संडरलंडने एप्रिल २०१४ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी साधली, तीन दिवसांनी चेल्सीला त्यांच्या मैदानावर २-१ असे हरवून त्यांचे प्रशिक्षक जोसे मोरिन्हो यांची तेथील लीग सामन्यांतली ७७ सामन्यांची अपराजित मालिका मोडली, आणि मेच्या सुरुवातीला मँचेस्टर युनायटेडलाही त्यांच्याच मैदानावर १-० ने नमवले. मधल्या काळात कार्डिफवर ४-० असा विजय मिळाला तो या आत्मविश्वासाच्या जोरावरच. हंगामभर फारसा न दिसलेल्या कॉनर विकहॅमने तीन सामन्यांत पाच गोल केले. शिवाय मोठा संघ चेंडू स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे दुबळ्या संघाला मागे थांबून पलटवार करण्याची आयती मोकळीक मिळते. तळातल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ती मिळत नाही.

मनोबल आणि समर्थक यांचा वाटा किती?

आहे, पण वर्णनात जेवढा दिसतो तेवढा नाही. १९ मे २०२२ रोजी एव्हर्टन मध्यांतराला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ०-२ असा मागे होता. एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानाबाहेरच्या रस्त्यांवर निळ्या धुराच्या नळकांड्या घेऊन उभ्या राहिलेल्या समर्थकांनी नंतर मैदानातही आवाज खाली येऊ दिला नाही, आणि सामना ३-२ असा जिंकून संघ त्याच रात्री वाचला. घरच्या मैदानावरची अशी रात्र एखादा सामना फिरवते. ती दहा सामने फिरवू शकत नाही. निकाल सुधारले की मनोबल वाढते, हा क्रम उलट क्रमापेक्षा अधिक वेळा पाहायला मिळतो.

गुणांची कपात झाली तर काय होते?

हंगाम हातचा जाऊ शकतो. १९९६-९७ मध्ये आजारपण व दुखापतींमुळे संघ उभा राहत नाही म्हणून मिडल्सब्रोने ब्लॅकबर्नविरुद्धचा डिसेंबरमधला सामना परस्पर रद्द केला आणि त्यांचे तीन गुण कापले गेले. ३९ गुणांवर ते खाली गेले. ते तीन गुण हातात असते तर ४१ गुणांचा कोव्हेंट्री खाली गेला असता. याउलट एव्हर्टनने २०२३-२४ मध्ये आर्थिक नियमांच्या उल्लंघनाबद्दल एकूण आठ गुण गमावूनही ४० गुणांसह पंधरावे स्थान मिळवले.

शेवटच्या दिवसाचे डावपेच वेगळे असतात का?

डावपेच फारसे वेगळे नसतात, माहितीचा भार वेगळा असतो. आपला निकाल पुरेसा नसतो, दुसऱ्या मैदानांवर काय चालले आहे ते प्रेक्षकांच्या ओरडण्यावरून खेळाडूंना कळत राहते. १५ मे २००५ रोजी प्रीमियर लीगमधील पदावनतीच्या तिन्ही जागांचा निर्णय बाकी होता. दिवसाच्या सुरुवातीला तळाला असलेल्या वेस्ट ब्रॉमने पोर्ट्समथला २-० असे हरवले. नॉर्विच, साउदम्प्टन आणि क्रिस्टल पॅलेस या तिघांनाही आपापला सामना जिंकता आला नाही आणि वेस्ट ब्रॉम वाचला. २२ मे २०२२ रोजी सालेर्नितानाने तर घरच्या मैदानावर ०-४ असा सपाटून मार खाल्ला, पण कालियारीला आधीच खाली गेलेल्या व्हेनेझियाविरुद्ध एकही गोल करता आला नाही, म्हणून सालेर्नो शहर जल्लोषात बुडाले.

गोलफरकाचे महत्त्व याच दिवशी कळते. २००७-०८ मध्ये फुलहॅम आणि रेडिंग या दोघांचे गुण ३६ झाले. फुलहॅमचा गोलफरक उणे २२ होता, रेडिंगचा उणे २५. रेडिंगने शेवटच्या दिवशी ४-० असा विजय मिळवला होता, पण फुलहॅमने पोर्ट्समथमध्ये डॅनी मर्फीच्या हेडरवर १-० असे जिंकून दार बंद केले. हंगामात केव्हातरी ०-३ झालेला सामना ०-५ होऊ न देण्याचे श्रम अशा दिवशी फळाला येतात.

आणि ८ मे १९९९ रोजी इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत जे घडले ते कोणत्याच डावपेचात बसत नाही. कार्लाइल युनायटेडचा प्लिमथविरुद्धचा सामना १-१ असा अडकला होता, तिकडे स्कारबरोचा सामना बरोबरीत संपून त्यांचे समर्थक मैदानात उतरून नाचतही होते. भरपाई वेळेतला शेवटचा कॉर्नर मिळाला तेव्हा स्विंडनकडून लोनवर आणलेला कार्लाइलचा गोलरक्षक जिमी ग्लास संपूर्ण मैदान ओलांडून पुढे धावला. कॉर्नरवरचा हेडर प्लिमथच्या गोलरक्षकाने अडवला, चेंडू परत फिरून नेमका ग्लासच्या पुढ्यात आला आणि त्याने उजव्या पायाने तो जाळ्यात मारला. कार्लाइल वाचले, स्कारबरो लीगबाहेर गेले.

वाचलेला संघ पुढच्या हंगामात कसा खेळतो?

पुढचे चित्र दोन टोकांना जाते. लेस्टर पुढच्याच हंगामात, २०१५-१६ मध्ये, क्लाउडिओ रानिएरी यांच्या हाताखाली विजेता झाला. बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखने लुसियाँ फाव्र यांच्याकडे फेब्रुवारी २०११ मध्ये संघ सोपवला, बोखुमविरुद्धच्या प्लेऑफमधून जागा राखली आणि पुढच्या हंगामात चौथे स्थान मिळवले. श्टुटगार्टने २०२३ मध्ये सेबास्टियान ह्योनेस यांच्या नेतृत्वाखाली हाम्बुर्गला प्लेऑफमध्ये हरवले आणि २०२३-२४ मध्ये बुंडेसलिगात दुसरे स्थान पटकावले. या तिन्ही ठिकाणी वाचताना केलेली दुरुस्ती टिकाऊ होती.

संडरलंडने मात्र दर वर्षी नव्याने आग विझवली. २०१४, २०१५ आणि २०१६ असे ओळीने तीन वेळा ते अखेरच्या टप्प्यात वाचले, २०१७ मध्ये तळाला राहून खाली गेले आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीतूनही घसरले.

आपला संघ सावरतो आहे हे समर्थकाने कशावरून ओळखावे?

गुणतालिका हे उशिरा सांगते. त्याआधी तीन गोष्टी दिसतात. प्रतिस्पर्ध्याचे फटके पेनल्टी क्षेत्राबाहेरून येऊ लागतात, म्हणजे बचाव त्यांना आत येऊ देत नाही. प्रशिक्षक ओळीने चार-पाच सामने जवळपास तोच संघ उतरवतो, म्हणजे त्याला आपले अकरा खेळाडू सापडले आहेत. आणि संघावर पहिला गोल झाल्यानंतरची दहा मिनिटे शांत जातात: घसरणाऱ्या संघात याच दहा मिनिटांत सगळे पुढे धावतात, मागे मोठी जागा मोकळी राहते आणि दुसरा गोल होतो; सावरणाऱ्या संघात मध्यरक्षक हात खाली करून सहकाऱ्यांना थोपवतो, चेंडू गोलरक्षकाकडे परत जातो आणि फळी पुन्हा आपल्या जागी येते.